भैरवीनंतर कुणी गात नाही

आमच्या घरची दिवाळीनंतरची मैफल म्हणजे फार मोठं काही नसतं. बैठकीतला सोफा अंगणात काढायचा, गाद्या अंथरायच्या, पेटी-तबला मांडायचा. रायपूरच्या बुढापाऱ्यातल्या आमच्या गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं, आणि मागे कुणीच जात नाही, त्यामुळे लोक चिडून, घामेजून पोचतात. त्यांना आधी पाणी द्यायचं, मग कविता ऐकवायच्या. कुणी वाचतं, कुणी गातं. विदर्भातून नोकरीपायी इकडे आलेली आणि इथलीच होऊन गेलेली आपली मराठी घरं, शिवाय शेजारच्या छत्तीसगढी दीदी. निवेदन माझ्याकडे. काहून की माझ्याएवढा मोठा आवाज कुणाचा नाही आणि दुसऱ्याला गप्प बसवायची माझ्याएवढी हौस कुणाला नाही. आमचे हे म्हणतात, "तू उभी राहिली की माईकपण घाबरते." म्हणोत बापडे.

पण यंदाची मैफल मी हौसेनं घेतली नव्हती. भांडणातून घेतली होती.

भांडण ताईवरून होतं. ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झाली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हापासून पुरानी बस्तीत एकटीच राहते. गाते. म्हणजे नुसती हौसेपुरती नाही, शिकलेली आहे. रायपुरात गणपती असो की कुणाच्या घरचं डोहाळजेवण, ताई गायल्याशिवाय कुणी उठत नसे. तिचा एकुलता एक मुलगा, माझा भाचा, बंगलोरला असतो. त्याला मराठी सगळी समजते, पण उत्तर देणार हिंदीत. आणि ताईचा हट्ट असा की ती त्याच्याशी जन्मात हिंदी बोलली नाही. "बाहेर साऱ्या जगाशी हिंदीतच बोलते न मी? घरात नाही बोलणार. समजून घ्यायचं असंल तर घे, नाही तर उपाशी राह्य." पोट्टा उपाशी कधी राहिला नाही, पण हिंदीही सुटली नाही. दोघं मायलेक दोन भाषांत भांडायचे, दोन भाषांत लाड करायचे.

पावसाळ्याच्या शेवटी ताई कढीपत्ता आणायला म्हणून घरून निघाली आणि सापडली भनपुरीला. शहराच्या पार बाहेर, जिथे नुसते ट्रक, टायर आणि धूळ. एका चहाच्या टपरीवर बसली होती, मांडीवर रिकामी पिशवी. टपरीवाल्या भैयानं तिच्या फोनमधून माझा नंबर शोधून लावला, भलं होवो त्याचं. "माताजी कहती हैं रेलवे क्वार्टर जाना है, पिताजी राह देख रहे होंगे." आमचे बाबा जाऊन जमाना झाला. मी ऑटो करून पोचले तेव्हा ताई मलाच म्हणते, "तू कशाले आली? मी येतच होती न." घरी पोचल्यावर तिनं वरणाला फोडणी घातली, तीही अगदी नेहमीसारखी, हिंग-बिंग सगळं. मी तिच्या मागे उभी राहून डोळे पुसत होते.

भाच्याला मीच कळवलं. न कळवून करते काय?

तो दिवाळीला आला तो तिचं तिकीट काढूनच. मम्मी त्याच्यासोबत बंगलोरला जाणार, घराला कुलूप लागणार, दिवसा सांभाळायला बाई ठेवणार. सगळं ठरवून आला होता, जसं आपण एखाद्या कपाटाची जागा ठरवतो. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "तिथं तिच्याशी मराठीत बोलंल कोण? तुझी लिफ्ट?"

"मौसी, आप चिल्लाइए मत. अगली बार भनपुरी नहीं, सीधे हाईवे हुआ तो?"

उत्तर नसलं की माझा आवाज अजून चढतो, हे माझ्या घरातले सगळे ओळखून आहेत. मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. ताई पलीकडे मेथी निवडत बसली होती. शेवटी तिनंच जुडी बाजूला ठेवली. "माझ्याबद्दलच बोलून राहिले न दोघं? मी इथंच बसली आहे. मी नाही जात कुठं. माझे लोक इथं आहेत, माझं गाणं इथं आहे. तिथं मी कोणासमोर गाऊ?"

मी लगेच ते शेपूट पकडलं. म्हटलं, शनिवारी आपली मैफल आहे. आईला गाताना बघ, चार लोकांत वावरताना बघ. ती डगमगली तर तू म्हणशील ते. नाही डगमगली तर तिकीट रद्द करायचं आणि ती कुठं राहणार हे तिला ठरवू द्यायचं.

त्यानं आईकडे पाहिलं. "ठीक है मौसी. मम्मी अच्छे से गा लें, तो टिकट कैंसल. मेरा वादा."

पोट्टा शब्दाला पक्का आहे, आपल्या बापासारखा. म्हणूनच मला धाकधूक जास्त.

ताईची तीन गाणी ठरली. एक सुरुवातीला, एक मध्ये, आणि शेवटी भैरवी. भैरवी ताईचीच. आमच्यात हे बाबांपासून चालत आलं आहे. रेल्वे क्वार्टरच्या दोन खोल्यांत बाबा मैफल भरवायचे तेव्हापासून. घरातल्या मोठ्यानं भैरवी म्हणायची, ऐकणाऱ्यांनी हात जोडायचे, टाळी वाजवायची नाही, आणि पेटी बंद. त्यानंतर दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत त्या घरात कुणी गायचं नाही. बाबा म्हणायचे, भैरवीनंतर गाणं म्हणजे हात धुतल्यावर पुन्हा ताट मागणं. लहानपणी एकदा भैरवी झाल्यावर मी भांडी आवरताना सिनेमाचं गाणं गुणगुणले होते, तर अशी टपली बसली की आठवलं की अजून डोकं चोळते. आणि भैरवीची तालीमही करायची नाही. ती काय जाता-येता म्हणायची गोष्ट आहे का? मैफलीत म्हणायची, एकदाच. रायपुरातल्या आमच्या मंडळींना हे सगळं तोंडपाठ आहे. दीदींनासुद्धा.

भाच्याला नाही. तो मैफलीला कधी बसलाच नाही. लहानपणी क्रिकेट, मग होस्टेल, मग नोकरी. आईचं सगळं गाणं त्याच्या लेखी एकच, "मम्मी का गाना".

पहिल्या दोन गाण्यांची तालीम मी रोज सकाळी तिच्या घरी जाऊन घ्यायचे. पहिला दिवस छान गेला. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाण्याच्या अंतऱ्यावर ताई थांबली. मी शब्द सांगितला.

"मले माहीत आहे!" अशी खेकसली की मी चूप. मग पुन्हा वरून सुरू केलं आणि पुन्हा तिथंच बंद पडली, पेट्रोल संपलेल्या स्कूटरसारखी. मी म्हटलं, मोठ्या अक्षरात कागदावर लिहून देते, समोर ठेव. तर म्हणे, "कागद पाहून मी आजपर्यंत गायली आहे का? तो समोर बसंल. त्याले काय दाखवू, कागद?"

काही सकाळी गाणं पुरं यायचं. काही सकाळी मुखडासुद्धा यायचा नाही, आणि ती खिडकीबाहेर बघत बसायची. मग मी उगाच बडबड करायची. कोणाच्या घरी काय शिजलं, कोणाची सून कशी आहे. देवाला मी काही मागत नाही सहसा. त्या आठवड्यात मागितलं. म्हटलं, नंतर काय व्हायचं ते होऊ दे, शनिवारची एक संध्याकाळ तेवढी सांभाळ.

शनिवारी दुपारपासूनच ताई आमच्याकडे होती. मी चिवडा, संत्रा बर्फी, चहाचे कप या भानगडीत. ती आतल्या खोलीत पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. ओठ हलत होते. मला वाटलं जप करून राहिली. मी दार ओढून घेतलं.

दिवेलागणीच्या आत लोक आले. दीदी ठेठरी-खुरमीचा, त्यांच्याकडच्या फराळाचा, डबा घेऊन आल्या. पेटीवाले काका आले. तेही रेल्वेतलेच, बुद्धविहारात दर पौर्णिमेला पेटी धरतात, स्वतः गातातही सुरेख. ताईच्या साथीला त्यांच्याशिवाय दुसरं कुणी चालत नाही. भाचा अगदी पुढे बसला, फोन उभा धरून. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला वाचता येईना. मी उभी राहून स्वागत केलं, दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या, एक विनोद केला आणि कुणी हसण्याआधी मीच हसले. मग जाहीर केलं, "सुरुवात आमच्या ताईच्या गाण्यानं."

ताई हिरवी साडी नेसली होती. पाठीचा कणा ताठ. काकांनी ठरलेला सूर दिला. ताईनं मान हलवली आणि दुसरा मागितला. डोळे मिटले, आणि आलाप घेतला.

भैरवी होती.

काकांची बोटं एक क्षण पेटीवर तशीच राहिली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? त्यांनी मान खाली घातली आणि साथ सुरू केली. खोलीभर म्हाताऱ्या माणसांचे हात सवयीनं जोडले गेले. मागच्या एका आजींनी तर पर्स उचलून उठायची तयारी केली. भैरवी ऐकली की निघायचं, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांच्या सुनेनं हात दाबून त्यांना खाली बसवलं.

आणि ताई गायली. आई शप्पत सांगते, अशी भैरवी तिनं जन्मात म्हटली नव्हती. एक शब्द अडला नाही, एक जागा सुटली नाही. दुसरी कुठली वेळ असती तर मी ढसाढसा रडले असते. पण मला ऐकूच येत नव्हतं नीट. डोक्यात एकच घण पडत होता, सुरुवातीला भैरवी, अगं ताई, सुरुवातीला भैरवी. आता सगळ्यांना कळलं. सारं रायपूर समोर बसलं आहे, आणि सगळ्यांना कळलं.

गाणं संपलं. हात जोडलेलेच.

तेवढ्यात समोरून टाळ्या. एकट्या भाच्याच्या. "वाह मम्मी! क्या बात है!" फोन बगलेत धरून जोरजोरात वाजवत होता. लोकांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे, मग माझ्याकडे, आणि मग हळूहळू सगळेच टाळ्या वाजवू लागले. भैरवीला टाळ्या! बाबा असते तर उठून गेले असते. पण तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. या पोट्ट्याला काही कळलेलंच नाही.

मी झटकन उभी राहिले. म्हटलं, सावर गं बाई, अजून काही बिघडलं नाही. आता एक गाणं दुसऱ्या कुणाचं झालं की झालं, भैरवी नुसतं एक गाणं होऊन जाईल. "आता काका गातील," मी जाहीर केलं.

काकांनी पेटीचा भाता बंद करून खटका लावला. "वहिनी, कविता होऊ द्या," असं अगदी हळू म्हणाले.

मी डोळे वटारले. खुणा केल्या. मेला तो शिष्टाचार, एक गाणं म्हणायला काय जात होतं? पण त्यांनी पेटीवर खोळ घातलीसुद्धा. मग मी दीदींकडे वळले. दरवर्षी त्या एक सुवा गीत, त्यांच्याकडचं दिवाळीतलं पोपटाचं गाणं, म्हणतात, आमच्या पोरी सोबत ताल धरतात. दीदींनी दोन्ही हात हलवले. "नइ दीदी, बड़े दीदी गा डारिस, अब नइ गावंव." मोठ्या दीदी गायल्या, आता मी नाही गाणार म्हणे. तबलेवाला हात मांडीवर ठेवून बसला होता, जसा काही तबला दुसऱ्या कुणाचा आहे.

मग नुसत्या कविताच झाल्या. एकामागून एक. बँकेतल्या एका साहेबांनी तलावावर लांबलचक कविता वाचली, कॉलेजातल्या एका पोट्टीनं अर्धी हिंदी अर्धी मराठी अशी चांगली धीट कविता वाचली. पण मध्ये गाणं नाही तर कविता कशा लागणार, तर्रीशिवाय पोहे जसे. सगळे खाली बघून ऐकत होते. ताई मात्र मजेत. प्रत्येक ओळीला "वा!" म्हणत होती. तिचं मधलं गाणं मी पुकारलंच नाही आणि तिनंही विचारलं नाही. मी कसंबसं आभार मानून संपवलं.

नेहमी आमच्याकडे लोक खाऊन, गप्पा मारून, हाकललं तरच जातात. त्या दिवशी सगळे लवकर निघाले. आणि निघताना प्रत्येक जण ताईच्या पायाशी वाकत होता. तिच्या वयाचे, तिच्याहून मोठेसुद्धा. मागच्या त्या आजी तर तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून उभ्या राहिल्या. मला ते बघवेना. अरे, निरोप कसला घेता तिचा? ती कुठं चालली आहे? मी कप गोळा करायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले.

मागून ताई आली. नळ सोडून कप विसळायला लागली. मी नाही बोलायचं ठरवलं होतं, पण हे तोंड!

"ताई, काय करून बसलीस गं? सुरुवातीला कुणी भैरवी म्हणतं? एवढी तालीम केली आपण!"

तिनं नळ बंद केला.

"तुले काय वाटलं, मी विसरली?"

"मग?"

"दुपारी पडल्या पडल्या सारी गाणी मनातल्या मनात म्हणून पाहिली. पहिलं आलंच नाही. मुखडाही नाही. दुसऱ्याच्या मागं लागली, तेही हातचं गेलं. एवढी एकच शिल्लक होती." ती पुन्हा कप पुसायला लागली, एकच कप, गोल गोल. "म्हटलं, शेवटपर्यंत वाट पाहिली तर हीपण राहते का नाही कोणाले माहीत. म्हणून आधीच म्हणून टाकली. होती तेवढी लोकांच्या पुढ्यात ठेवली."

मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि रडले. इतकी रडले की तीच मला थोपटायला लागली, लहानपणी थोपटायची तशी. म्हणजे तिला सगळं कळत होतं. किती गेलं आणि किती उरलं, सगळं. आणि मी शहाणी तिला सकाळी सकाळी शब्द सांगत होते.

"त्याले समजलं का?" तिनं विचारलं.

"नाही. काही म्हणजे काही समजलं नाही."

"टाळ्या वाजवून राहिला होता येडा." आणि ती हसली. खरंच हसली.

तेवढ्यात तो आत आला. चेहरा असा फुललेला की मला त्याचे बाबा आठवले. "मौसी, मान गया मैं! एक भी लाइन नहीं भूलीं! और देखा आपने? बाकी सबने बस कविता पढ़ी, गाना सिर्फ़ मम्मी का. सब पैर छू रहे थे यार!" त्यानं फोन वर केला. "वादा मतलब वादा. अभी कैंसल करता हूँ टिकट."

मी जिंकले होते. जे मागितलं होतं ते सगळं मिळालं होतं. आता करायचं एवढंच की गप्प राहायचं, आणि गप्प राहणं मला कधी जमलेलं नाही. पण मी राहिले. ताईकडे पाहिलं आणि डोळ्यांनी सांगितलं, जाऊ दे गं, करू दे त्याला. मी आहे न. रोज येईन, रात्री तुझ्याकडेच झोपायला येईन, कढीपत्ता मी आणून देईन. राहा.

ताईनं पदराला हात पुसले. त्याच्याजवळ गेली, फोनवर आपला ओला तळवा ठेवला. आणि ज्या बाईनं पोटच्या पोराशी जन्मात कधी हिंदीत शब्द काढला नव्हता, ती त्याला एक अक्षरही चुकू नये अशी सावकाश म्हणाली,

"रहने दे बेटा. मैं चल रही हूँ तेरे साथ."